गुरुवारची पॅसेंजर

४ जानेवारी, रविवार

सुतार गाढव आहे! टेबलाला सहा पाय सांगितले होते, चार लावून मोकळा झाला. वर मलाच शिकवतो — "ताई, चार पायांवर हत्ती उभा राहतो." राहू दे ना हत्ती! माझं स्टेशन साडेपाच मीटर लांब आहे, मधोमध झोल येतो त्याला. लेव्हल ठेवून दाखवली. बुडबुडा सरळ एका बाजूला. तर म्हणे, "एवढं कोण बघतंय?"

मी बघतेय! पस्तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात काढली. अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांची ड्रॉइंगं परत पाठवलीत मी.

दादा खिडकीशी उभा राहून गालातल्या गालात हसत होता. "चिमे, जाऊ दे गं." एकसष्ट वर्षांची झाले, अजून चिमे.

कल्पना त्याचीच. बाबा ज्या स्टेशनचे मास्तर होते, जिथे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं वाढलो, ते अख्खं स्टेशन त्याच्या गच्चीवरच्या खोलीत उभं करायचं. सत्त्याऐंशी पटींनी लहान. तो मार्ग केव्हाच बंद झालाय, आता रूळही उखडायला घेतलेत म्हणे. दादा मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झाला, त्यामुळे रूळ, गाड्या आणि वायरिंग त्याचं. इमारती माझ्या. हे वाटपसुद्धा त्यानेच करून टाकलं. मला विचारतो कोण!

६ जानेवारी, मंगळवार

सुतार आला. सहा पाय.

११ जानेवारी, रविवार

बसने जाऊन स्टेशन मोजून आले. एकटीच. दादाला चल म्हटलं तर त्याची कंबर धरली. तीच कंबर काल टेबलाखाली दोन तास वायरी ओढत होती!

टेप भिंतीच्या माथ्यापर्यंत कसा पोचणार? मग विटा मोजल्या. एक थर मसाल्यासकट पंचाहत्तर मिलिमीटर. तळापासून छपरापर्यंत बावन्न थर. दोनदा मोजले. एक पहारेकरी आला, म्हणाला, "बाई, काय करताय?" म्हटलं, विटा मोजतेय. तो गेला तो परत फिरकला नाही.

शाळाही मोजली. आता तिथे खतांच्या गोण्या आहेत, पण दार तेच. फलाटाच्या टोकापासून, मालधक्क्याच्या मागून, शाळेच्या दारापर्यंत दोनशे साठ पावलं. माझ्या आत्ताच्या गुडघ्यांना चार मिनिटं लागली.

येताना फलाटावर उभी राहिले आणि डोकं फिरलं. इथूनच ती गेली, आमची आई. मी आठ वर्षांची, दादा अकराचा. बाबा चार दिवस मुख्यालयात परीक्षेला गेले होते, तेवढी संधी साधली. मी शाळेत. दादाचा कान दुखत होता म्हणून घरी होता. त्याला बरोबर घेऊन स्टेशनवर गेली, त्याला फलाटावर सोडून गाडीत बसली, गेली. दादाचं वाक्य मला पाठ आहे — "गाडी दोन मिनिटं थांबते चिमे, तुला कुठून आणणार होती ती?"

ती दोन मिनिटं मी त्रेपन्न वर्षं गिळतेय. बाबांचा हात चालायचा तिच्यावर, मला ठाऊक आहे. आंधळी नव्हते मी. आम्हाला त्यांनी कधी बोट लावलं नाही, पण तिला... जायचं होतं तर जायचं. पण आधी सांगून ठेवता येत नव्हतं? सकाळी वेणी घालताना, अगं आज शाळेत जाऊ नकोस, एवढं म्हणता येत नव्हतं? वेणी तर घट्ट घातली होती.

१९ जानेवारी, सोमवार

कडाक्याचं भांडण.

फलाट बसवला. गाडी आणून उभी केली तर डब्याची पायरी फलाटाच्या खाली! माणूस दारातून उतरेल तो फलाटाला धडकेल. दादा म्हणाला, तुझा फलाट उंच झाला. मी म्हटलं, फलाट उंच होऊच शकत नाही, थर मोजलेत. तासभर ही वादावादी. शेवटी कळलं काय, तर मी उंची जमिनीपासून धरली आणि साहेबांनी मला न सांगता रुळाखालची खडीच गाळली! "दिसत नाही ना ती फारशी." खडी दिसत नाही! रूळ काय मातीवर लोळत होते?

रूळ उचलून खाली बुचाची पट्टी घाल म्हटलं. नाही म्हणाला. फलाट तास म्हणाला. मी फलाट उचलला आणि सरळ घरी घेऊन आले.

२१ जानेवारी, बुधवार

वहिनीचा फोन. "ते पट्ट्या घालतायत. तुम्हाला सांगू नको म्हणालेत." फलाट परत नेला. पायरी बरोब्बर बसली.

१ फेब्रुवारी, रविवार

आता शाळेवरून. म्हणे, शाळा बसत नाही. कशी बसत नाही? दोनशे साठ पावलं म्हणजे एकशे पंच्याण्णव मीटर. भागिले सत्त्याऐंशी. सव्वादोन मीटर! टेबल त्याच्याही पुढे हातभर जातं. तिथे काय लावणार हा? झाडी! नुसती झाडी!

"स्टेशनचं मॉडेल आहे चिमे, गावाचं नाही."

"पाण्याच्या टाकीमागचा संडास लावलास तो स्टेशनात येतो वाटतं?"

"तो रेल्वेचा होता."

तोंडावर चटकन उत्तर असतं त्याच्या, लहानपणापासून. मी शाळा करणारच. घरी करेन. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, दाराशी घंटा. तोडून टाकायची हिंमत असेल तर टाकावी तोडून.

१५ फेब्रुवारी, रविवार

शाळेचं छप्पर झालं. पत्र्यासाठी औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं चिरली. मस्त जमलंय.

वर्गात बाकं लावताना हात थांबला. दुसरी रांग, भिंतीकडची जागा. गुरुवार होता तो. गुरुवारी पहिले दोन तास चित्रकला असायची, म्हणून पक्कं आठवतं. मी होडी काढली होती. बाईंनी पूर्ण वर्गाला दाखवली. घरी दाखवायला घेऊन आले तर दादा पायरीवर बसलेला. दाखवायची कोणाला? फाडून टाकली.

नंतर एकदाच आली होती ती. माझ्या लग्नात. मांडवाच्या बाहेर उभी, जुनाट साडीत. वहिनी सांगत आली, "भेटाल का विचारतायत." मी म्हटलं, मला आई नाही. वहिनीने विनवलं. मी पाठ फिरवली. दादा तिथेच होता. तोही गप्प होता. म्हटलं, निदान हा तरी माझ्या बाजूने आहे.

ती गेल्याची तार आली तेव्हाही गेले नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही. का वाटावं? दोन मिनिटांत जिने निकाल लावला, तिच्यासाठी मी तीन दिवसांची रजा घालवू?

१ मार्च, रविवार

गाड्या धावल्या! आम्ही दोघंही क्षणभर मूर्खासारखे टाळ्या वाजवत होतो.

ड्रायव्हरकाका आले होते. दादाच्या ओळखीचे, त्याच मार्गावर पंचवीस वर्षं इंजिन चालवलेले. त्यांनी कुठूनतरी मी आठ वर्षांची होते त्या वर्षाचं वेळापत्रक पैदा केलंय. लोकांसाठी भिंतीवर लावतात ते नव्हे, रेल्वेच्या माणसांसाठी असतं ते जाडजूड पुस्तक. कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, कोणाला थांबवून कोणाला पुढे काढायचं, सगळं त्यात. आता खेळणं संपलं, काका म्हणाले, आता खरी रेल्वे. खास घड्याळ लावलंय, त्याचा एक तास आपल्या दहा मिनिटांत संपतो. त्याच्यावर बघून गाड्या सोडायच्या. मी रुळांचे सांधे बदलते, दादा गाड्या चालवतो.

दादाने बुधवार निवडला. बुधवारी तेलाच्या टाक्यांची गाडी असते, बघायला छान दिसते म्हणे. ठीक आहे. दोनदा बुधवार चालवला. मग मी म्हटलं, आता गुरुवार घेऊ.

"नाही. आपला बुधवार ठरलाय."

"कोणी ठरवला?"

"एक दिवस धरला की तोच धरायचा असतो. सगळीकडे तसंच करतात."

काका हसत म्हणाले, "अहो, गुरुवारीच तर मजा. गुरुवारी तुमच्या स्टेशनात आम्ही दाढी उरकून घ्यायचो." दादाने त्यांना मधेच तोडलं आणि चहाला खाली नेलं. पाहुण्याशी असं वागतात?

८ मार्च, रविवार

शाळा घेऊन गेले. झाडी उपटली, शाळा ठेवली. दादाने बघितलं न बघितल्यासारखं केलं. पुन्हा बुधवार. हुकूमशहा कुठला!

१२ मार्च, गुरुवार

जसं घडलं तसं लिहिते.

दादा दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. मी फलाटाच्या कडेला पांढरा पट्टा मारायला वर गेले. पुस्तक समोरच होतं. म्हटलं, हा नाहीये तर चालवूच गुरुवार. बघते काय आकाश कोसळतं ते.

सकाळची पॅसेंजर. येणार ९.४०, सुटणार ९.४२. दोन मिनिटं. त्याच्या डोक्यावर छोटी चांदणी. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, चांदणीपुढे: फक्त गुरुवारी. समोरून येणारी खडीची मालगाडी आधी काढावी. तोवर पॅसेंजर बाजूच्या रुळावर उभी ठेवावी. सुटण्याची वेळ १०.२५.

मी घड्याळ लावलं. ९.४० ला गाडी आणून उभी केली. आणि उभीच राहिले. ९.५०. १०.००. समोरून काही येईना. येणारच नव्हतं, खडीची गाडी अजून तिकडे लांब होती. साडेसात मिनिटं मी त्या बटणावर अंगठा ठेवून उभी होते. गाडी माझ्या फलाटाला, तिच्या पलीकडे मालधक्का, त्याच्या मागे शाळा. चार मिनिटं जायला, चार यायला. पंचेचाळीस मिनिटांत पाच वेळा जाऊन येता येतं!

गुरुवार होता. मी होडी रंगवत होते.

जिन्यावर पाय वाजले. दादा गाल धरून वर आला. गाडी उभी बघितली, घड्याळ बघितलं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"दोन मिनिटं ना रे?" मी म्हटलं.

"त्या दिवशी खडीची गाडी आलीच नसेल."

"मग गुरुवार का टाळत होतास?"

त्याने भिंतीवरचं मेन बटण बंद केलं आणि खाली गेला. जेवणाचं ताट तसंच ठेवून मी निघाले. वहिनी हाका मारत होती.

१३ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हरकाकांना फोन केला. त्या वर्षी पलीकडे धरणाचं काम चालू होतं, खडीची गाडी एकदाही चुकली नाही. "चुकली असती तर आमच्या साहेबांनी आम्हाला जिवंत सोडलं असतं का?" हसत होते बिचारे. त्यांना काय माहीत.

१४ मार्च, शनिवार

कोणावर चिडू तेच कळत नाही. आधी तिच्यावर. पाऊण तास बसून राहिली खिडकीत आणि मी आठवले नाही? दोन मिनिटं असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. घेतलं नव्हतं, पण घेता आलं असतं. पाऊण तास!

आणि दादा. खोटं बोलायला काय झालं होतं त्याला? आयुष्यभर तेच वाक्य. मला ताप आला तेव्हा, माझ्या लग्नात, तार आली तेव्हा. पढवल्यासारखं. दोन मिनिटं थांबते चिमे. का? तिला वाचवायला? की मला बरं वाटावं म्हणून? मला बरं वाटवणारा हा कोण टिकोजीराव!

पत्रं तरी का नाही आली, हे आज पहिल्यांदा सुचलं. टपालाची थैली गाडीने यायची आणि बाबांच्याच हातात उतरायची. एवढी साधी गोष्ट. घराच्या नकाशासारखी समोर होती आणि मला दिसली नाही.

१७ मार्च, मंगळवार

वहिनी आली. "ते धड जेवत नाहीत. वर जात नाहीत. टेबलावर चादर टाकलीय." मग मी काय भरवू का त्याला?

जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "तुम्हाला सांगू का, त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. आईंनी त्यांना शाळेकडे धाडलं होतं. तुम्हाला आणायला."

मी तिला परत आत ओढलं. पुढे काय? पुढचं तिला माहीत नाही. तिनेही कधी विचारलं नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून विचारलं नाही! हे काय घर आहे की टपालखातं?

म्हणजे तिने मला बोलावलं होतं. हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं नुसती बघत बसले. तिने मला बोलावलं होतं.

१८ मार्च, बुधवार

दादाला फोन केला. उचलला त्याने. मी जे तोंडात येईल ते बोलले. चोर म्हटलं. भ्याड म्हटलं. माझी आई खाल्लीस म्हटलं. तो एकदाही 'चिमे' म्हणाला नाही. शेवटी म्हटलं, लग्नाच्या मांडवात मी तिला हाकलली तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती? तिकडून फोन ठेवल्याचा आवाज.

२२ मार्च, रविवार

गेले, चादर काढली, माझ्या इमारती काढायला लागले. स्टेशन, मालधक्का, क्वार्टर. पटाशीने. गोंद पक्का बसलाय, छपराचा कोपरा फुटला. वहिनी दारात उभी राहून रडत होती. दादा खालीच. सगळं खोक्यात भरून रिक्षाने घरी आणलं. त्याच्या टेबलावर आता नुसते रूळ आहेत. ठेव म्हणावं तुझी रेल्वे तुला!

शाळा सगळ्यात शेवटी निघाली. ती मांडीवर घेऊन बसले रिक्षात.

२४ मार्च, मंगळवार

काहीच लिहायचं नाही.

२९ मार्च, रविवार

दादा आला. बस म्हटलं तर बसला नाही. दारातच उभा राहून, भिंतीकडे बघत, एका दमात बोलला.

शाळेपर्यंत तो गेलाच नाही. मालधक्क्यामागे उभा राहिला आणि थोड्या वेळाने धापा टाकत परतला. आईला म्हणाला, "ती यायला नाही म्हणते. तुझ्यावर रागावलीय. ती नाही तर मीपण नाही." त्याला वाटलं, हे ऐकलं की आई गाडीतून खाली उतरेल आणि आम्ही सगळे घरी जाऊ.

तेवढ्यात खडीची गाडी आली. ती पुढे गेली आणि पॅसेंजरला सुटायचा सिग्नल पडला. आईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन अर्धी तिकिटं त्याच्या मुठीत कोंबली. म्हणाली, "तिचा राग गेला की तिला घेऊन ये. बाबांना सांगू नकोस. मी रोज तिकडच्या स्टेशनवर या गाडीला उभी राहीन."